परत कधी, हे विचारायचं नाही

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पुढच्या खोलीत सोफा असेल, एवढीच माझी साधी अपेक्षा होती. सोफा नव्हता. भिंतीला टेकून चाकाच्या खुर्च्या उभ्या होत्या, शेजारी वॉकर, खिडकीखाली कुबड्यांची मोळी आणि कोपऱ्यात, नव्या नवरीच्या स्वागताला मुद्दाम मांडल्यासारखी, आजाऱ्यांची ती भोकाची खुर्ची. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दुकानात जागा संपली की अण्णा इथे आणून ठेवतात." कांदेबटाटे ठेवतात असंच वाटावं, इतक्या सहज बोलला तो.

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य बटणांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलं. हा कारखाना ज्यांचा, त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला बाई. दोघांनी शून्यातून सुरुवात करून पुष्कळ पैसा मिळवला आणि मूलबाळ नसल्यामुळे म्हणा किंवा स्वभावच तसा म्हणून म्हणा, त्या पैशाचा घरगुती ट्रस्ट केला. ट्रस्टची बैठक त्यांच्या जेवणाच्या टेबलावर व्हायची, ताटं उचलल्यानंतर. शाळेचं गळकं छप्पर, वाचनालयाचे पंखे, कुणा हुशार मुलीची फी असं सगळं त्या टेबलावर ठरायचं. पण गावाला ट्रस्ट ठाऊक होता तो दुकानामुळे. साहेबांनी आपली मोटार कायमची रस्त्यावर उभी केली आणि रिकाम्या गॅरेजात आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू आणून ठेवल्या. ज्याला लागेल त्याने न्यायच्या, काम झालं की आणून द्यायच्या. तिथे कधी काही विकलं गेलं नाही, तरी सगळे त्याला दुकानच म्हणायचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णा ते दुकान सांभाळू लागले.

मी सकाळचं आवरून त्यांच्या मदतीला जायचे, म्हणून मला त्या गॅरेजाचा इंच न् इंच आठवतो. फिनेलचा वास, आत शिरताच उजव्या हाताला पुसायच्या फडक्यांची दोरी, बाहेर सावलीत एक बाकडं. भिंतीवर खुंट्या होत्या आणि वस्तू बाहेर गेली की अण्णा रिकाम्या खुंटीखाली खडूने लिहायचे, कोणती गल्ली, कोणतं घर. वस्तू परत आली की ओल्या हाताने पुसून टाकायचे. मी एकदा छान कापडी डस्टर शिवून दिला, तर त्याने ते आपला चष्मा पुसायला लागले.

दुकानाचा नियम एकच होता. परत कधी आणून देणार, हे विचारायचं नाही.

लोक स्वतःहूनच विचारायचे. खुर्ची कशी मिटायची, ब्रेक कुठे, हे समजून घेतलं की दारात वळून म्हणायचे, "अण्णा, परत कधी आणायची?" त्याबरोबर अण्णांचा पाना हरवायचा. खाली वाकून ते पाना शोधायला लागायचे आणि टेबलाखालून म्हणायचे, "त्याचं काय एवढं? काम झालं की." रस्त्यात एखादा माणूस दुकानाच्या कुबड्या घेऊन चाललेला दिसला आणि अण्णांना पाहून ओशाळला, तर हेच रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. जणू कुबड्या यांनीच चोरल्या होत्या.

मला या गोष्टीचा राग यायचा. दुकानात खुर्ची शिल्लक नाही, बाकड्यावर माणूस वाट बघतोय, आणि हे आपले मोडक्या खुर्चीला तारा बांधत बसलेत. एकदा मी म्हटलं, "अण्णा, त्या वळणावरच्या घरात आपल्या खुर्चीवर मांजर बसतं. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

अण्णा काळजीने म्हणाले, "का? मांजराला काय झालंय?"

मी कपाळाला हात लावला. या माणसाशी भांडणं म्हणजे उशीशी कुस्ती करणं होतं.

नियमाचं कारण मला बाईंनी सांगितलं. त्या दुकानात चादरींच्या घड्या घालायला यायच्या. मोठ्या घरच्या असून घडी अशी घालायच्या की इस्त्रीची गरज पडू नये. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या हातात, असं आमचं बोलणं चालायचं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे काहीच नव्हतं तेव्हाची गोष्ट. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. यांनी खूप हातापाया पडून एका दवाखान्यातून खाट आणली. तिथला माणूस येता-जाता दारात थांबायचा आणि विचारायचा, 'खाट परत कधी देताय?' त्याचीही चूक नव्हती, त्याच्या मागे लोक थांबलेले. पण घर केवढंसं. आत सगळं ऐकू जायचं. एकदा आम्ही काही बोलायच्या आत सासूबाईच आतून म्हणाल्या, 'लवकरच देते हो, बाळा.'"

बाईंनी चादरीचं टोक माझ्या टोकाला आणून जुळवलं. "त्या गेल्यावर हे बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढे हातात पैसे आले तेव्हा पहिली वस्तू घेतली ती खाट. घरात कुणीही आजारी नसताना. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं."

ती पहिली खाट म्हणजे दुकानातली हिरवी खाट. लोखंडी, पायथ्याशी हँडल असलेली. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. मूळची पांढरी होती, पण पांढरा रंग दवाखान्याची आठवण करून देतो म्हणून साहेब आणि बाईंनी व्हरांड्यात बसून तिला हिरवा रंग दिला होता. त्या रंगाचे ओघळ तिच्या पायांवर शेवटपर्यंत होते. साहेबांना बटणं जमली, रंगकाम जमलं नाही. हँडलचे दाते मात्र अण्णांनी कारखान्यात स्वतः कानस मारून बसवले होते. त्या खाटेचा त्यांना पोटच्या पोरापेक्षा जास्त अभिमान, असं माझा नवरा तोंड वाकडं करून सांगायचा. लोण्यात फिरावं तसं फिरायचं ते हँडल. पुढे दुकानात विजेवर चालणाऱ्या खाटा आल्या, पण अण्णांनी तिला कधी मागच्या रांगेत लोटलं नाही.

मग साहेब आजारी पडले. छाती कामातून गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आडवं झोपायचं नाही, टेकून ठेवा. घरात परदेशी खाट आली. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. साहेब म्हणायचे, "जन्मभर बटणंच केली, आता मरतानाही बटणच का?" आणि मग तेच एक धरून बसले. ती हिरवी आणा. मला त्या हिरव्या खाटेवर झोपायचंय.

बाई दुकानात आल्या तेव्हा मी फडकी वाळत घालत होते. एरवी त्या सरळ आत यायच्या. त्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसल्या, एका कुबडीवाल्या गृहस्थांच्या शेजारी, आणि त्यांचं काम होईपर्यंत बसून राहिल्या. अण्णा आतून पाहत होते. त्यांच्या हातातली किल्ली दोनदा खाली पडली.

"अण्णा," बाई आत येऊन म्हणाल्या, "यांना हिरवी खाट हवी आहे."

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. हिरव्या खाटेच्या जागेमागे खडूने लिहिलं होतं. शिवणकाम करणारी एक बाई टाकीच्या मागच्या गल्लीत राहायची, तिच्या म्हाताऱ्या आईचं कमरेचं हाड मोडलं होतं. आई गेली तर खाट येणार, नाहीतर नाही. म्हाताऱ्या माणसाचं असं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "त्यांना आपली नवी विजेची देऊ. जास्त चांगली. नुसती बदलून आणायची." मग खाली बघून म्हणाल्या, "मी काय मागतेय ते मला कळतंय, अण्णा. पण यांच्याकडे आता वेळ नाही. आणि या माणसाने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही हो."

अण्णा "बघतो" म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं, तर म्हणाले, "सूनबाई, साहेबांनी मला कामाला लावलं तेव्हा माझ्याकडे धड शर्ट नव्हता." मी म्हटलं, "मग जा आणि आणा खाट. बदलूनच तर आणायची आहे. उलट त्यांना चांगलीच मिळतेय." मला खरंच तसं वाटत होतं. आजही कुणी हिशेब मांडला तर मी तेच म्हणेन. अण्णा म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तू चल बरोबर. बाईमाणूस असलं की दारात बरं पडतं."

ट्रस्टच्या टेम्पोत आम्ही नवी खाट चढवली. अण्णांनी ती अशी पुसली होती की तिच्यात तोंड दिसावं. सगळ्या रस्त्यात ते पुटपुटत होते, "ताई, तुमच्यासाठी नवी आणलीय. ताई, ही जास्त आरामाची आहे." शाळेतल्या पोराने कविता पाठ करावी तसं.

टाकीच्या मागची ती गल्ली अरुंद. टेम्पो दारासमोर उभा राहिला की दाराचा उजेडच जायचा. आत शिवणाचं मशीन थांबलं. शिवणकाम करणारी ती बाई बाहेर आली, तोंडात टाचण्या धरलेल्या. तिने टेम्पो पाहिला, अण्णांना पाहिलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून तिने हातात घेतल्या आणि अगदी हळू म्हणाली, "अण्णा, अजून आहे हो आई."

अण्णांची कविता कुठल्या कुठे गेली. पँटच्या खिशात हात घालून त्यांनी तेलाची छोटी बुधली काढली. ती त्यांच्या खिशात कायमच असायची. म्हणाले, "ताई, मी हँडलला तेल घालायला आलोय. इकडून चाललो होतो, दुसऱ्यांची खाट पोचवायला."

आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"अण्णा आलेत, आई. खाटेला तेल घालायला."

मग म्हातारी म्हणाली, "घाला बाबा, घाला. फार कुरकुरते."

अण्णा आत गेले, गुडघ्यावर बसले, तेल घातलं, हँडल फिरवून पाहिलं. म्हातारीने त्यांच्याकडे बघून मान हलवली. चहा घेऊनच जा म्हणाल्या त्या मायलेकी, आणि आम्ही तो चहा घेतला.

तिथून अण्णांनी टेम्पो थेट साहेबांच्या घरी घ्यायला लावला. नवी खाट तशीच मागे. साहेब उशांना टेकून बसले होते. एवढा रुंद माणूस, पण सदरा खांद्यावरून उतरत होता. बाई उशाशी होत्या.

"आणलीस?"

"नाही, साहेब. बाहेर गेलीय ती. एका म्हाताऱ्या बाईंकडे." अण्णा मान खाली घालून म्हणाले, "मी बदलून आणायला गेलो होतो. दारापर्यंत गेलो होतो, साहेब."

बाई पटकन म्हणाल्या, "मी पाठवलं त्यांना."

साहेबांनी आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "मग?"

"तेल घालून परत आलो."

साहेब हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "म्हातारी काय म्हणाली?"

"घाला म्हणाली. फार कुरकुरते म्हणाली."

"कुरकुरते?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "तुझ्या हातचं हँडल? ती खाट जन्मात कधी कुरकुरली नाही."

"नाही, साहेब. आजही कुरकुरत नव्हती."

मग साहेब म्हणाले, "म्हणजे तू कशाला गेला होतास ते तिला कळलं. आणि तिने तुला सांभाळून घेतलं." त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं आणली नाहीस. आईला कुठल्या तोंडाने भेटलो असतो मी?"

बाई रडल्या. मीही रडले, आणि माझा तर त्या घरात काही हक्कही नव्हता.

दुसऱ्या दिवशी अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन साहेबांकडे गेले आणि त्यांनी त्या परदेशी खाटेचं पोट फाडलं. मोटार काढून बाजूला ठेवली, तिच्या जागी कारखान्यातलं जुनं चाक आणि एक हँडल बसवलं. खाट विकणाऱ्या कंपनीचा माणूस नेमका तपासणीला आला आणि ते पाहून त्याला घामच फुटला. साहेबांना मात्र लहान मुलासारखा आनंद झाला. बाई पायथ्याशी बसून हँडल फिरवायच्या. "एवढी?" त्या विचारायच्या. "अजून थोडी," साहेब म्हणायचे. "आता?" "आता बास." इतक्या वर्षांच्या संसारातलं त्यांचं बोलणं त्या चार शब्दांवर येऊन थांबलं होतं. मला वाटतं, साहेबांना हिरव्या खाटेचं वेड नव्हतंच. वर उचलताना पलीकडे कुणाचा तरी हात असावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्याच खाटेवर ते गेले.

हिरवी खाट त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी परत आली. टेम्पो दारात थांबलेला पाहून अण्णांनी टोपी काढली आणि चेहरा पाडून पुढे झाले. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी ती म्हातारी स्वतः बसली होती. "टोपी घाला," ती म्हणाली, "मी चालते आता. घरातल्या घरात, पण चालते." अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला दुकानातला सगळ्यात चांगला वॉकर भेट देऊन टाकला. दुकानात भेट देण्याची पद्धत नव्हती. वॉकरच्या खुंटीखाली खडूने काहीच लिहिलेलं नाही, हे बाईंनी बघितलं आणि त्या चादरींच्या घड्या घालत राहिल्या.

अशी ती वर्षं गेली. दुकान पुढे मोठ्या जागेत गेलं, तिथे पगारी माणसं आली. नियम तोच राहिला, कारण बाई होत्या. अण्णांचे गुडघे गेले, मग कंबर, मग एक दिवस ते अंथरुणातून उठलेच नाहीत. मी तोवर हट्टाने पुढच्या खोलीत सोफा घेतला होता. तो शेजाऱ्यांकडे ठेवायला दिला आणि त्याच जागी हिरवी खाट आली. खाटेपाशी आणलं तेव्हा अण्णा आधी तिच्या पायांवरून, त्या रंगाच्या ओघळांवरून हात फिरवत राहिले. मग झोपले. रोज मला हँडल फिरवायला लावायचे आणि कान देऊन ऐकायचे. "सूनबाई, तेल दिलंस का?" मी द्यायचे. न दिलं तर झोपू देतील तर शपथ.

शेवटी शेवटी ते फारसं बोलत नव्हते. एका दुपारी दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मी हात पुसत बाहेर गेले. दारात ट्रस्टचा टेम्पो उभा होता. पुढच्या सीटवरून बाई उतरत होत्या, ड्रायव्हरचा हात धरून, एक पाय खाली, मग दुसरा. पलीकडच्या गल्लीत कुणाला तरी खुर्ची पोचवून झाली होती, त्यांना अण्णांना भेटायचं होतं म्हणून त्या त्याच टेम्पोतून आल्या होत्या. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त टेम्पो दिसला, त्याची मागची रिकामी फळी दिसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, अजून आहेत हो अण्णा."

बाई उन्हात थबकल्या. त्यांनी मागे वळून टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या हातात पर्सशिवाय काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "हो गं. मी हँडलला तेल घालायला आलेय."

आतून अण्णांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी इतका स्पष्ट आला. "कोण आहे?"

मी सांगितलं, "बाई आल्यात, अण्णा. तेल घालायला."

सकाळीच मी तेल दिलं होतं आणि अण्णांनी ते कान लावून तपासलं होतं.

"या बाई, या," अण्णा म्हणाले. "घाला. फार कुरकुरते."

मी त्यांच्या उशाखालची बुधली काढून बाईंच्या हातात दिली. बाई खाटेच्या पायथ्याशी हळूहळू खाली बसल्या, त्यांनी हँडलवर तेल सोडलं. थोडं त्यांच्या साडीवर सांडलं. मग त्यांनी हँडल धरलं आणि विचारलं, "एवढी, अण्णा?"

"अजून थोडी," अण्णा म्हणाले.